भाषा ओलांडणारी नटी : अरुंधती नाग यांची रंगभूमी आणि रुपेरी पडदा

अरुंधती नाग यांचे नाव उच्चारले की महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला बहुधा ‘पा’ (२००९) आठवतो. अमिताभ बच्चन यांनी साकारलेल्या ऑरोची आजी, विद्या बालनच्या व्यक्तिरेखेची आई. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. कर्नाटकातल्या प्रेक्षकाला त्याआधी ‘जोगी’ (२००५) मधली आई आठवते. बेंगळुरूच्या नाटकवाल्यांच्या मनात मात्र पहिल्यांदा येते ती जे. पी. नगरमधली एक वास्तू, ‘रंगशंकरा’. एकाच कारकिर्दीची ही तीन रूपे तीन वेगळ्या प्रेक्षकवर्गांनी पाहिली आणि त्यांतला क्वचितच कुणी उरलेल्या दोन रूपांशी परिचित आहे. पडद्यावरच्या मोजक्या मिनिटांमागे मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी रंगमंचांवरची कित्येक वर्षांची मेहनत आहे. ती मेहनत आणि त्या मेहनतीला लागणारे घर, दोन्ही एकाच नटीने उभे केले. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा आहे.

अशी कारकीर्द समजून घ्यायची तर आधी मराठी आणि कन्नड रंगभूमीचे नाते पाहावे लागते, आणि ते सीमावादाहून खूप जुने आहे. कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तिथपासून मराठी नाटकाचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पुढे मराठी कंपन्यांनी हुबळी-धारवाडपर्यंत दौरे केले आणि तिथल्या कन्नड कंपन्यांनी त्यांच्याकडून पडदे, पदे, पोशाख सगळे उचलले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही देवघेव नाटककारांमार्फत सुरू राहिली. गिरीश कर्नाड यांचा जन्म माथेरानचा. त्यांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले आणि ‘हयवदन’ विजया मेहता यांनी मराठी रंगमंचावर बसवले. उलट दिशेने जयवंत दळवी कन्नडमध्ये गेले. या दुसऱ्या प्रवासात अरुंधती नाग यांचा थेट वाटा आहे. मराठी वाचकाला हे फारसे ठाऊक नसावे, याचे वाईट वाटते.

नटीचा इतिहास याहून खडतर. मराठीत बालगंधर्वांच्या काळापर्यंत स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि त्या इतक्या सुंदर करीत की खऱ्या स्त्रीला रंगमंचावर जागा मिळणे अधिकच अवघड झाले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मधून सुशिक्षित घरातल्या स्त्रिया स्त्रीभूमिकांत उभ्या राहिल्या आणि चित्र पालटू लागले. १९६० च्या सुमारास ‘रंगायन’ने, विजया मेहता यांच्या नेतृत्वाखाली, अभिनयाकडे शिस्तीने शिकायची विद्या म्हणून पाहायला लावले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या सुलभा देशपांडे यांच्या बेणारेबाईंपासून पुढची दोन दशके मराठीत नटीच्या भूमिकेला केंद्र मिळाले. कन्नडमध्ये वाट थोडी निराळी होती. गुब्बी वीरण्णांच्या कंपनीत बी. जयम्मांसारख्या नट्या पूर्वीच नावारूपाला आल्या होत्या. कंपनी नाटकाची ती ताकद, तो खुला आवाज आणि गाणे वीरण्णांच्या नात बी. जयश्री यांनी आधुनिक रंगभूमीत आणले. उमाश्रींनी विनोदी भूमिकांपासून सुरुवात करून ‘गुलाबी टॉकीज’पर्यंत मजल मारली.

सत्तरच्या दशकातले बेंगळुरू या सगळ्या प्रवाहांचे संगमस्थान होते. १९७२ साली रवींद्र कलाक्षेत्राच्या आवारात ब. व. कारंत यांनी ‘ईडिपस’, ‘जोकुमारस्वामी’ आणि ‘संक्रांती’ ही तीन नाटके खुल्या रंगमंचावर सादर केली. शहरातल्या तरुणांना त्यातून नाटकाचे वेड लागले ते कायमचे. कर्नाड, पी. लंकेश आणि चंद्रशेखर कंबार लिहीत होते. ‘समुदाय’ ही नाट्यसंस्था रस्त्यावर उतरली होती. दूर मलनाडात हेग्गोडू गावी के. व्ही. सुब्बण्णांची ‘निनासम’ ही नाट्यसंस्था काम करीत होती. या रंगभूमीचा कणा मात्र हौशी होता. दिवसा बँकेत, कारखान्यात किंवा कॉलेजात नोकरी, संध्याकाळी तालीम. मुंबईसारखा व्यावसायिक नाटकाचा बाजार इथे नव्हता. निर्मात्याच्या भांडवलावर शंभर-दोनशे प्रयोग होण्याची शक्यताही नव्हती. नाटक चार-सहा प्रयोगांत संपायचे आणि मंडळी पुढच्या नाटकाला लागायची.

अरुंधती राव यांचा जन्म १९५६ साली दिल्लीत झाला. त्या दहा वर्षांच्या असताना कुटुंब मुंबईला आले आणि त्यांची खरी शाळा मुंबईच्या रंगभूमीवर भरली. तेव्हाची मुंबई नटनट्यांना भाषेच्या चौकटीत फार बांधून ठेवत नसे. एकाच संध्याकाळी एकीकडे मराठी प्रायोगिक नाटक, दुसरीकडे गुजराती व्यावसायिक नाटक, तिसरीकडे ‘इप्टा’चे हिंदी नाटक, आणि या तिन्हींत ये-जा करणारी तरुण मंडळी. सतराव्या वर्षी त्यांची शंकर नाग यांच्याशी भेट झाली. शंकर मूळचे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावर परिसरातले, पण त्यांचीही जडणघडण मुंबईच्या नाट्यवर्तुळात झालेली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा वाटा होता. सहा वर्षांनी दोघांचे लग्न झाले. त्याआधीच कर्नाडांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ (१९७८) या चित्रपटाने शंकर यांना कन्नड चित्रपटसृष्टीत नेले होते. अरुंधतीही मुंबई सोडून बेंगळुरूला आल्या.

त्यांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत अवघड वळण. मराठी, गुजराती आणि हिंदीत जम बसलेल्या नटीला कन्नड शिकावे लागणार होते, आणि तेही संवादफेक, हेल, विनोदाची लय, प्रेक्षकाच्या हशाची वेळ यांसकट. भाषा कानाला पडणे आणि ती रंगमंचावर पेलणे यांत मोठे अंतर असते. नवख्या भाषेत नट सहसा शब्द सुबक उच्चारायला जातो आणि वाक्याचा ताल सुटतो. अरुंधती नाग यांच्या कन्नड कामाचे वैशिष्ट्य असे की त्यांनी आधी ताल पकडला. बाहेरून शिकलेल्या भाषेत शब्दांवर थोडे थांबून, त्यांना वजन देऊन बोलण्याची जी सवय लागते, तीच पुढे त्यांच्या शैलीचा भाग झाली. पडद्यावरच्या त्यांच्या आयांमध्ये दिसणारा कमी शब्दांचा ठामपणा या काळातच तयार झाला असे मानायला जागा आहे.

शंकर आणि अरुंधती यांनी ‘संकेत’ ही नाट्यसंस्था उभारली. तिची पहिली निर्मिती होती कर्नाडांचे ‘अंजु मल्लिगे’. त्यानंतरच्या यादीत मराठी वाचक लगेच थांबेल, कारण तिथे जयवंत दळवींची दोन नाटके आहेत, ‘बॅरिस्टर’ आणि ‘संध्याछाया’. मुलगा परदेशी गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात एकमेकांच्या आधाराने दिवस ढकलणाऱ्या नाना-नानींची गोष्ट मुंबईत प्रेक्षकांना रडवत होती. ती बेंगळुरूत कन्नडमध्ये उभी राहिली तेव्हा या शहरालाही ती आपलीच वाटली. परदेशी गेलेली मुले आणि मागे राहिलेले आईवडील हे चित्र बेंगळुरूच्या मध्यमवर्गात तेव्हाच दिसू लागले होते. अरुंधती नाग यांनी त्यात वृद्धेची भूमिका केली, आणि तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठलेली नव्हती. विजया मेहता यांनीही मराठीत ही भूमिका चाळिशीच्या आसपासच केली होती. वय दाखवण्यासाठी कंबर वाकवणे आणि आवाज थरथरवणे हा सोपा मार्ग असतो. दळवींच्या संहितेत मात्र वय दिसते ते वाट पाहण्यात, त्याच त्या वाक्याकडे पुन्हा वळण्यात, नवऱ्याच्या विसराळूपणावर रागावण्याआधी क्षणभर थांबण्यात. मुंबई आणि बेंगळुरू येथील या दोन नान्या शेजारी ठेवून पाहण्याचे काम कुणीतरी करायला हवे.

‘२७ मावळ्ळी सर्कल’ अगदी वेगळ्या जातीचे. फ्रेडरिक नॉट यांच्या ‘वेट अन्टिल डार्क’वर बेतलेल्या या रहस्यनाट्याच्या केंद्रस्थानी एक अंध स्त्री आहे आणि सारा थरार तिच्या कानांवर व बोटांवर तोललेला आहे. दिसत असताना न दिसल्यासारखे वावरायचे, तरी खोलीतली प्रत्येक वस्तू अचूक सापडली पाहिजे. ‘हुलगूरु हुलियव्वा’ हे ब्रेख्तच्या ‘मदर करेज’चे कन्नड रूप. युद्धावर पोट भरणारी आणि त्याच युद्धात एकेक मूल गमावणारी ही बाई साकारताना करुणेला बळी पडण्याची भीती असते. ब्रेख्तला प्रेक्षकाचे डोळे पाणावलेले नको होते, उघडे हवे होते. मुंबईत भावनाट्याचे संस्कार घेतलेल्या नटीने हा कोरडेपणा पेलला, यात तिच्या आवाक्याची खूण आहे. कर्नाडांच्या ‘नागमंडल’नेही या वर्षांत त्यांना मोठे काम दिले.

चित्रपट याच काळात समांतर चालू होते. शंकर नाग यांच्या ‘अॅक्सिडेंट’सारख्या चित्रपटांत त्या दिसल्या, पण ऐंशीच्या दशकात त्यांच्या कामाचे केंद्र रंगमंचच राहिला. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अनगोडू इथे मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले. ते ३५ वर्षांचे होते. त्याच गाडीत असलेल्या अरुंधती नाग गंभीर जखमी झाल्या. या प्रसंगाभोवती कर्नाटकात इतक्या आख्यायिका तयार झाल्या आहेत की अरुंधती नाग यांच्यावरचे बरेचसे लिखाण तिथेच अडकून पडते. त्यांचे पुढचे सारे काम म्हणजे पतीचे अपुरे स्वप्न पुरे करणे, असे एका वाक्यात गुंडाळले जाते. त्या वाक्यात प्रेम आहे, पण ते नटीवर अन्याय करते. बेंगळुरूला नाटकासाठी स्वतःचे घर हवे ही दोघांची इच्छा होती हे खरेच. मात्र पैसा गोळा करणे, सरकारदरबारी हेलपाटे, आराखडे, देणगीदारांची दारे आणि त्यानंतरचे रोजचे व्यवस्थापन हे सारे एका जिवंत, काम करणाऱ्या नटीने स्वतःच्या अनुभवातून केले. चांगल्या प्रयोगाला काय काय लागते, हे तिला अंगाने माहीत होते.

‘संकेत’ ट्रस्ट स्थापन झाला. राज्य सरकारने जे. पी. नगरात जागा दिली, बाकीचा निधी देणग्यांतून उभा करावा लागला. २८ ऑक्टोबर २००४ रोजी ‘रंगशंकरा’चे उद्घाटन झाले. वास्तुविशारद शारुख मिस्त्री यांनी आखलेल्या या नाट्यगृहात सुमारे ३२० आसने आहेत. प्रेक्षागृह असे उतरते की शेवटच्या रांगेतूनही नटाचे डोळे दिसावेत. हे सभागृह नाटकासाठीच आहे. लग्न, पारितोषिक वितरण, सत्कार इथे होत नाहीत. सोमवार सोडून रोज नाटक, ही त्याची प्रतिज्ञा. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग उशिरा येणारा कितीही मोठा असो. तिकिटे विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडावीत असा प्रयत्न असतो. तळमजल्यावरच्या कॅफेतला साबुदाणा वडा शहरभर प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला बेंगळुरूत ओळखीची चव नाटकाच्या आवारात मिळावी हे छानच. प्रेक्षक आधी येतात, खातात, बोलतात, मग आत जातात. रोजच्या सवयीत नाटकाला अशी जागा मिळाल्याशिवाय रंगभूमी टिकत नाही.

मुंबईच्या वाचकाला इथे ‘पृथ्वी’ आठवेल. १९७८ मध्ये जुहूला ते नाट्यगृह उभे राहिले ते शशी कपूर आणि जेनिफर केंडल या दांपत्यामुळे. जेनिफर स्वतः नटी होत्या आणि त्याच्या रोजच्या कारभारात त्यांचा मोठा हात होता. बर्लिनमध्ये हेलेना वायगेलने १९४९ मध्ये ‘मदर करेज’ साकारली आणि त्याच वर्षापासून ‘बर्लिनर एन्साम्बल’चा कारभारही सांभाळला. अरुंधती नाग यांना या परंपरेत ठेवले की त्यांच्या कामाचा खरा आकार दिसतो. आयर्लंडचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९०४ साली डब्लिनमध्ये ‘ॲबी थिएटर’ सुरू झाले आणि त्याने नट्या घडवल्या. सारा ऑलगुड उद्घाटनाच्या रात्री त्या रंगमंचावर होती आणि पुढे हॉलीवूडपर्यंत पोहोचली. शिवॉन मकेना हिने आयरिश आणि इंग्रजी दोन्ही भाषांत अभिनय केला आणि बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’चा आयरिश अनुवाद स्वतः करून त्यात कामही केले. छोट्या भाषेच्या रंगभूमीला एक पक्के घर मिळाले की नटीला किती मोठे होता येते, याचा तो दाखला आहे. डब्लिनमध्ये नाट्यगृहाने नट्या घडवल्या, तर शंभर वर्षांनी बेंगळुरूत एका नटीने नाट्यगृह घडवले.

‘रंगशंकरा’ सुरू झाल्यावरही त्यांनी अभिनय बाजूला ठेवला नाही. त्यांची या टप्प्यावरची सर्वांत महत्त्वाची भूमिका याच नाट्यगृहात २००५ साली आली, कर्नाडांच्या ‘ओडकलु बिंब’ या नाटकात. मंजुळा नायक ही इंग्रजीची प्राध्यापिका आणि कन्नडमध्ये कथा लिहिणारी, फारसे यश न लाभलेली लेखिका. अचानक तिची इंग्रजी कादंबरी जगभर गाजते. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत तिचे भाषण संपते, ती निघू पाहते, तेवढ्यात पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिच्याशी बोलू लागते. प्रश्न विचारते, टोचते, खोटेपणा बाहेर काढते. अखेर कळते की कादंबरी तिच्या अपंग बहिणीने लिहिली होती. कन्नडमध्ये लिहायचे की इंग्रजीत, पैसा कुठे, मान कुठे, हा वाद बेंगळुरूच्या साहित्यिक वर्तुळात धगधगता होता, आणि नाटक त्याच्या वर्मावर बोट ठेवते.

नटीसाठी ही परीक्षा दुहेरी आहे. पडद्यावरचे चित्रीकरण आधीच झालेले असते आणि ते कुणासाठी थांबत नाही. प्रतिमेचा प्रश्न संपला की उत्तर त्याच श्वासात यायला हवे. उत्तर लांबले तर प्रतिमा पुढचे वाक्य बोलून मोकळी होते आणि प्रेक्षकाला यंत्र दिसते. साध्या प्रयोगात सहनट थोडे सावरून घेतो. इथे सहनट ती स्वतःच, पण काही महिन्यांपूर्वीची, न बदलणारी. त्यातून दोन स्त्रिया वेगळ्या भासल्या पाहिजेत. पडद्यावरची बाई शांत, जवळजवळ प्रेमळ, कारण तिला सगळे माहीत आहे. रंगमंचावरची बाई आत्मविश्वासाने सुरू होते आणि हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकत जाते. कॅमेऱ्यासाठीचा संयत अभिनय आणि रंगमंचाचा खुला अभिनय, ज्या दोन विद्या बहुतेक नट आयुष्यभर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतात, त्या इथे समोरासमोर येतात. हे नाटक अरुंधती नाग यांनी हिंदीतही ‘बिखरे बिंब’ म्हणून केले. कन्नड शिकावी लागलेल्या नटीने भाषेच्या प्रतिष्ठेवरचे हे नाटक दोन भाषांत खेळावे, यापेक्षा योग्य निवड दुसरी झाली नसती.

पडद्याचा उत्तरार्ध याच सुमारास सुरू होतो. राजीव मेनन यांच्या ‘मिन्सार कनवु’मध्ये (१९९७) त्यांनी मठाच्या प्रमुख सिस्टरची भूमिका केली होती, मणिरत्नम यांच्या ‘दिल से’मध्ये (१९९८) त्या थोडा वेळ दिसल्या. पण ‘जोगी’ने त्यांना कर्नाटकाच्या घराघरात पोहोचवले. शहरात हरवलेल्या मुलाला शोधत गावाहून आलेली आई त्याच्या अगदी जवळून जाते आणि दोघांची भेट होत नाही. शेवटी मुलगा तिच्या अंत्ययात्रेत नाचतो, ती कुणाची हे त्याला ठाऊकच नसते. चित्रपट शिवराजकुमार यांच्या चाहत्यांसाठी रचलेला आहे, हाणामारी आणि गाणी त्यात भरपूर आहेत. त्यातही या आईने दुःखाला आवाज चढू दिला नाही, म्हणूनच ते अंगावर येते. गर्दीत रस्ता विचारणाऱ्या बाईचा साधा गोंधळ त्यांनी खरा ठेवला. ‘पा’मध्ये हीच ताकद दुसऱ्या दिशेने गेली. मुलीच्या आयुष्यातला अवघड निर्णय ही आई उपदेश न करता स्वीकारते, आणि नातवाच्या आजारपणाकडे पाहताना तिच्या चेहऱ्यावर कधी दया येत नाही. २०१२ च्या ‘डा थडिया’मुळे त्या मलयाळममध्येही पोहोचल्या. संगीत नाटक अकादमीचा २००८ चा पुरस्कार आणि २०१० ची पद्मश्री हे सन्मान याच काळातले.

या कारकिर्दीकडे आज पाहणे का गरजेचे आहे, याला दोन कारणे आहेत. ऐंशीच्या दशकातल्या हौशी नाटकांचे ध्वनिचित्रमुद्रण क्वचितच होई. ती नाटके पाहिलेल्यांच्या आठवणी, पिवळी पडलेली जाहिरातपत्रके आणि वर्तमानपत्रांतली समीक्षणे, एवढ्यावरच त्यांचा इतिहास उभा आहे, आणि ती पिढी आता वयस्कर झाली आहे. त्या आठवणी आत्ता नोंदवल्या नाहीत तर शिल्लक राहतील ते फक्त चित्रपट, आणि एका मोठ्या रंगनटीची ओळख ‘ऑरोची आजी’ एवढीच उरेल. दुसरे असे की भारतीय नट आज अनेक भाषांत सहज काम करताना दिसतात, पण ते बव्हंशी डबिंगच्या आधारे. ओठ एका भाषेत हलतात आणि आवाज दुसऱ्याचा असतो. भाषा स्वतः शिकून, तिच्या प्रेक्षकासमोर रोज उभे राहून मिळवलेली बहुभाषिकता वेगळी असते. तिचा अभ्यास नव्या नटांना उपयोगाचा आहे. मराठी आणि कन्नड या शेजारी भाषांमध्ये राजकारणाने उभी केलेली भिंत पाहता, दळवींचे नाटक बेंगळुरूत कन्नडमध्ये उभे करणाऱ्या मंडळींची आठवण ठेवणे हे तर कर्तव्यच.

प्रस्तुत पुस्तक म्हणूनच चरित्र होण्याचा आग्रह धरत नाही. खासगी आयुष्य त्यात कामाला जेवढे स्पर्श करते तेवढेच येते. रंगमंचावरच्या भूमिकांना सर्वाधिक पाने दिली आहेत, कारण तेच काम सर्वांत कमी नोंदले गेले आहे. चित्रपटांचा विचार अभिनयाच्या पद्धतीतला फरक दाखवण्यापुरता केला आहे. ‘रंगशंकरा’वरची चर्चा वास्तूच्या गौरवाकडे झुकत नाही. तिथे कोणत्या भाषांची आणि कोणत्या प्रकारची नाटके होतात, नव्या मंडळींना तारीख कशी मिळते, मुलांच्या नाटकासाठी काय प्रयत्न होतात, हे प्रश्न लेखकाने धीराने हाताळले आहेत. मराठी वाचकाला काही कन्नड नावे अपरिचित वाटतील. त्यांची ओळख त्या-त्या ठिकाणी करून दिली आहे. बेंगळुरूला गेलेला वाचक एखाद्या संध्याकाळी जे. पी. नगरात वेळेआधी पोहोचून नाटक पाहून आला, तर पुस्तकातली बरीच पाने त्याला अधिक नीट उमगतील.